कामाचा अनुभव आठच महिन्यांचा आहे, सीसीएनपीच्या मागे लागू का?

पांदणरस्ता
नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातला, घाटंजी तालुक्यातल्या एका गावचा. बीएस्सी कॉम्प्युटर झालं, या मार्चमधे सीसीएनए (सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं सुरुवातीचं सर्टिफिकेट) पास झालो आणि एप्रिलपासून तालुक्याच्या एका इंटरनेटवाल्याकडे काम करून राहिलो. काम म्हणजे फायबर ओढणे, स्प्लाइस मारणे म्हणजे फायबरची टोकं जोडणे, घरोघरी ओएनटी म्हणजे फायबरचा डबा बसवणे, कोणाचं नेट बंद पडलं की गाडीला किक मारणे. राउटरचं सगळं मालक स्वतःच पाहतात, मिक्रोटिक कंपनीचा आहे, मले फक्त पीपीपीओईचा (गिऱ्हाईकाच्या लॉगिनचा) युजर बनवता येते आणि कोण ऑनलाइन आहे ते दिसते, बाकी पासवर्ड त्यांच्याजवळच.

आता प्रश्न असा की मले सीसीएनपी एंटरप्राइझ, म्हणजे सीसीएनएच्या वरचं सर्टिफिकेट, करायचं आहे. २०२० च्या फेब्रुवारीपासून सिस्कोनं सीसीएनएची अट काढली, म्हणजे कागदावर कोणीही बसू शकते, पण त्यांच्याच पानावर लिहून आहे की बसणाऱ्याला सहसा ३ ते ५ वर्षांचा अनुभव असते. माझे आठ महिने, आणि तेही खांबावरचे. फी पाहिली तर एन्कोर हा मुख्य पेपर ४०० डॉलर आणि दुसरा पेपर ३००, वरून टॅक्स. आमच्या घरी हिशेब कापसात होते. लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव ८११० आहे, म्हणजे दोन पेपरचे आठ-नऊ क्विंटल झाले. साडेतीन एकराच्या कास्तकाराले आठ-नऊ क्विंटल म्हणजे काय ते इथं सांगायची गरज नाही. बाबा म्हणाले "भर तू, कापूस आहे घरात." त्यांनी असं म्हटल्यापासूनच मले झोप येऊन नाही राहिली. पेपर नापास झाला तर त्यांना काय तोंड दाखवू, आणि पास झालो पण कोणी नोकरीच नाही दिली तर?

लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे. अभ्यास रोज दोन-अडीच तास होते, रात्री. खरं खरं सांगा.

फायबरवाला_वर्धा
भाऊ सर्वात आधी एक गोष्ट, "तेही खांबावरचे" असं लिहू नको. मी बारा वर्षं झाले हेच करतो, आर्वी देवळी पुलगाव सगळा भाग पायाखालचा. तू पॉवर मीटर लावून ओएनटीवर किती सिग्नल येते ते पाहतोस ना? तो उणे २७ डीबीएमच्या खाली गेला की जीपॉनचा (घरोघरच्या फायबर नेटचा) ओएनटी लाल दिवा दाखवते हे तुले माहीत आहे, वन टू एटचा स्प्लिटर, एका फायबरचे आठ करणारा, लागला की साधारण साडेदहा डीबी सिग्नल खातो हे तुले माहीत आहे, कनेक्टर मळलेला असला की अर्धा दिवस कसा जाते हेही माहीत आहे. पुण्यातला एसीत बसलेला पोट्टा लिंक डाऊन आहे एवढंच पाहते, का डाऊन आहे हे तुले बोटांना कळते. फिजिकल लेयरचा, म्हणजे वायर-फायबरचा, अनुभव हा अनुभवच आहे.

बाकी सीसीएनपीचं मले काही सांगता येत नाही, मी दहावी नंतर आयटीआय केलं. पण नऊ क्विंटल विकून पेपर देऊ नको आत्ताच. कापूस ठेवला तर भाव वाढू शकते, पेपर कुठं पळून जाते.

तुरीचं_रान
मी सांगतो कारण माझं झालेलं आहे आणि दुसऱ्या कोणाचं होऊ नये.

मी हिंगणघाटकडचा. इंजिनीअरिंग झाल्यावर नागपूरले एका क्लासमधे गेलो, नाव घेत नाही, सीसीएनए प्लस सीसीएनपी कॉम्बो, वरून शंभर टक्के प्लेसमेंट. बाबांनी साठ हजार भरले. पहिले दोन महिने शिकवलं, तेही बरं शिकवलं, खोटं कशाले बोलू. मग सर बदलले आणि नवीन सरांनी एक पीडीएफ दिली, त्यात प्रश्न आणि उत्तरं, म्हणे हेच येते, पाठ करा. आम्ही अकरा पोट्टे होतो, सगळ्यांनी पाठ केलं. मी एन्कोर पास झालो. घरी पेढे वाटले, आईनं गावातल्या मारुतीले नारळ फोडला.

मग पुण्यात पहिला इंटरव्ह्यू. समोरच्या माणसानं फार अवघड काहीच नाही विचारलं. त्यानं कागदावर दोन राउटर आणि मधात एक स्विच काढला आणि म्हणाला, ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना रस्ते सांगायची पद्धत) लावलं आहे, नेबर बनून नाही राहिला (दोघं जुळून नाही राहिले), तू काय काय पाहशील ते ओळीनं सांग. बस एवढंच. मले हॅलो म्हणजे ओळखीचा निरोप १० सेकंद आणि डेड म्हणजे त्याची वाट पाहणं ४० सेकंद हे पाठ होतं, एरिया (नेटवर्कचा भाग) नंबर सारखा पाहिजे हे पाठ होतं, पण ओळीनं? आधी काय आणि मग काय? मी सगळं एकदम सांगत सुटलो आणि मधातच थांबलो. तो माणूस चांगला होता, रागावला नाही, फक्त म्हणाला "बेटा तू कधी हे स्वतः लावून पाहिलं आहेस का?" मी खोटं नाही बोलू शकलो. त्या दिवशी शिवाजीनगर स्टेशनवर तीन तास बसून होतो.

तर भाऊ, अनुभव नसताना सीसीएनपी करणं चूक आहे असं मी म्हणत नाही. पाठ केलेलं सीसीएनपी चूक आहे. आणि पीडीएफवाल्यांनो तुम्ही वाचत असाल तर हेही वाचा, तो प्रकार सिस्कोच्या करारात बसत नाही, सापडलं तर सर्टिफिकेट रद्द होते आणि पुढं पेपर द्यायला बंदी येऊ शकते. मी ते सर्टिफिकेट रेझ्युमेमधून स्वतः काढून टाकलं. दीड वर्ष शून्यापासून लॅब केली, म्हणजे स्वतः नेटवर्क उभं करून पाहिलं, आता एका हॉस्पिटलच्या नेटवर्कवर आहे नागपूरलेच, पगार जास्त नाही पण रात्री फोन आला की भीती नाही वाटत.

पांदणरस्ता
तुरीचं_रान दादा, तुम्ही हे लिहिलं याबद्दल खरंच आभार. मलाही एकानं टेलिग्रामवर तसली फाइल पाठवली होती, उघडली नव्हती, आता डिलीट करतो.

नाईटशिफ्ट
मी मूळची बुलढाणा जिल्ह्यातली, लोणारजवळच्या गावची, आता पुण्यात खराडीला एनओसीमधे, म्हणजे नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या ऑफिसात. चार वर्षं झाली, त्यातली पहिली दोन सगळी रात्रपाळी. मुलींनी पण वाचावं म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मी लागले तेव्हा माझ्याकडे फक्त सीसीएनए होतं. एल वनचं, सगळ्यात पहिल्या पायरीचं, काम म्हणजे समोर अलार्म येतो, तिकीट उघडायचं, लिंक पहायची, लाईट गेली का ते साइटवाल्याला फोन करून विचारायचं, सर्व्हिस प्रोव्हायडरकडे तक्रार टाकायची, आणि दर तासाला अपडेट लिहायचा. पहिल्या महिन्यात वाटलं की यासाठी का शिकले मी. पण तिथं बसून मला पहिल्यांदा चारशे साइटचं नेटवर्क जिवंत दिसलं, बीजीपी (मोठी नेटवर्क एकमेकांना जोडणारा प्रोटोकॉल) पडतं कसं, पडलं की ट्रॅफिक दुसऱ्या लिंकवरून जातं कसं, आणि कोणी चुकीचा राऊट जाहीर केला की पहाटे तीन वाजता किती लोक एकाच कॉलवर येतात हे पुस्तकात दिसत नाही. त्याच्यानंतर एन्कोरचं पुस्तक उघडलं तर तीच पानं मला वेगळी दिसायला लागली, प्रत्येक पानावर एखादं तिकीट आठवायचं.

म्हणून माझं मत असं की आधी एल वन पकड, मग एन्कोर दे. काही कंपन्या पास झाल्यावर फी परत देतात, सगळ्या नाही, पण लागतानाच विचारून घे, मला अर्धी मिळाली होती.

आणि एक तांत्रिक मुद्दा जो कोणी सांगत नाही. तुझं सीसीएनए ३ वर्षं चालतं. या तीन वर्षांत एन्कोर पास झालास तर सीसीएनए आपोआप रिन्यू होतं, परत ३०० डॉलर भरून तोच पेपर द्यावा लागत नाही. म्हणजे तुला एन्कोर तसाही कधीतरी द्यायचाच आहे, पण आज नाही, तुझ्याकडे अजून सव्वादोन वर्षं आहेत. आणि एन्कोर पास झाल्यावर दुसऱ्या पेपरला परत ३ वर्षं मिळतात. दोन्ही पेपर एकाच हंगामात द्यायची काही गरज नाही. बाबांना हे नीट समजावून सांग, त्यांना वाटत असेल सगळे पैसे आत्ताच लागतात.

संत्रा_बाग
ताईंच्या म्हणण्याशी मी सहमत नाही, थोडं वेगळं सांगतो.

एल वन पकड म्हणणं सोपं आहे, पण वरूड मोर्शीकडच्या पोराचा रेझ्युमे उघडते कोण? मी सव्वा वर्ष अर्ज टाकून राहिलो होतो, सीसीएनए असलेले हजारो आहेत. शेवटी मी एन्कोर आणि एनारसी (दुसरा पेपर) दोन्ही अनुभव नसतानाच दिले, उधार पैशावर, आणि त्याच्यानंतरच मला फोन यायला लागले. इंटरव्ह्यूमधे मी पहिल्या वाक्यात सांगायचो की सर मी प्रॉडक्शनमधे, खऱ्या चालत्या नेटवर्कवर, काम केलेलं नाही, पण माझ्याकडे लॅबची वही आहे, दाखवू का? ती वही अजून आहे माझ्याकडे, दोनशे पानी, प्रत्येक पानावर एक बिघाड, तो मी मुद्दाम कसा केला, काय दिसलं, काय वाटलं, आणि खरं कारण काय निघालं. तिसऱ्या इंटरव्ह्यूत मॅनेजरनं पंधरा मिनिटं नुसती वही चाळली आणि त्यातलाच एक बिघाड उचलून प्रश्न विचारले. लागलो.

तर अनुभव नाही म्हणून थांबूच नको. दार बंद असलं तर जे हातात आहे त्यानंच ठोठावावं लागते. फक्त उधारीचं ते माझं धाडस होतं, ते कर असं मी सांगणार नाही, व्याज फार त्रास देते.

जुना_राउटर
उशीरा वाचला धागा. मी दर्यापूरचा, वीस वर्षं याच धंद्यात, सध्या बंगलोर. माणसं निवडायचं कामही करतो, तर टेबलाच्या त्या बाजूनं काय दिसतं ते सांगतो.

रेझ्युमेवर सीसीएनपी आणि अनुभव शून्य असं दिसलं की माझ्या डोक्यात पहिला विचार येतो तो तुरीचं_रान यांनी लिहिला तोच, पाठ केलं असणार. हा अन्याय आहे मान्य, पण येतो. मग मी फोनवर पहिली पाच मिनिटं तेच तपासतो. संत्रा_बाग यांच्यासारखा कोणी असला तर पाच मिनिटांत कळतं आणि मग मला तो सीसीएनएवाल्यापेक्षा नक्कीच आवडतो. म्हणजे सर्टिफिकेट दार उघडतं तसं संशयही आणतं, हे दोन्ही धरून चाल.

पांदणरस्ता, तुला मी सांगेन की एन्कोरचा अभ्यास आजच सुरू कर आणि पेपरची तारीख आज घेऊ नको. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, पोरं एकच समजतात. अभ्यासाला डॉलर लागत नाहीत. ब्लूप्रिंट म्हणजे अभ्यासक्रम सिस्कोच्या साइटवर फुकट आहे, त्यात इन्फ्रास्ट्रक्चरचा वाटा सगळ्यात मोठा आहे, स्विचिंग राउटिंग तेच, तिथून सुरुवात कर. ऑटोमेशनला घाबरू नको, थोडं पायथॉन (प्रोग्रॅमिंगची भाषा) आणि जेसन (माहिती लिहायची पद्धत) वाचता आलं तरी सुरुवातीला पुष्कळ.

लॅबचं म्हणशील तर ८ जीबीत कसंबसं भागतं. पॅकेट ट्रेसर, सिस्कोचं सरावाचं सॉफ्टवेअर, सीसीएनएला ठीक होतं, एन्कोरला कमी पडतं, त्यात बऱ्याच कमांड नाहीत. सिस्को मॉडेलिंग लॅबची फुकट आवृत्ती आहे, पाच नोडपर्यंत (राउटर, स्विच वगैरे) चालते, इमेज (राउटरचं सॉफ्टवेअर) अधिकृत मिळतात, चोरीच्या इमेज शोधत फिरावं लागत नाही. पाच नोड कमी वाटतात, पण ओएसपीएफ, बीजीपी, एचएसआरपी (एक राउटर पडला की दुसरा पुढं येतो ते), जीआरई टनेल (एका नेटवर्कमधून काढलेला बोगदा) यांच्यातलं बहुतेक सगळं तीन-चार राउटरवर करता येतं. मोठं काही करायचं असलं तर जीएनएस३ किंवा ईव्ह एनजीची कम्युनिटी आवृत्ती घे, तीही लॅबचीच सॉफ्टवेअरं, आणि त्यात एफआरआर हे फुकट राउटर सॉफ्टवेअर टाक, फार हलकं आहे. सिस्कोचं नाही, पण ओएसपीएफ ते ओएसपीएफच, प्रोटोकॉल कंपनी पाहून वागत नाही.

आणि तुझे मालक मिक्रोटिकला हात लावू देत नाहीत म्हणतोस. त्यांना कॉन्फिगरेशनचा हक्क मागू नको, फक्त पाहायचा हक्क माग, रीड ओन्ली लॉगिन. कोणी नाही म्हणत नाही सहसा. मिक्रोटिकची सीएचआर इमेज (कॉम्प्युटरवर चालणारा त्यांचा राउटर) पण फुकट मिळते, स्पीड १ एमबीपीएसला बांधलेला असतो पण शिकायला चालतो, त्यांच्या राउटरवर जे दिसेल ते घरी तसंच उभं करून पहा.

एक प्रश्न विचारतो. या आठ महिन्यांत कोणता बिघाड तुला पहिल्यांदा समजलाच नाही?

पांदणरस्ता
सर, दोन आठवतात.

एक जिनिंगमधला. नोव्हेंबरात, सीझन चालू झालेला, गेटबाहेर कापसाच्या गाड्या रस्त्यापर्यंत लागलेल्या. काट्याचा कॉम्प्युटर चालेना, कॅमेरे बंद, ऑफिसचं नेट बंद, आणि आमच्या ओएनटीवर सिग्नल एकदम चांगला, उणे एकोणीस. मी दोनदा ओएनटी बदलला. बाहेर शेतकरी ओरडून राहिले होते, एक आजोबा रात्रीपासून गाडीवर बसलेले, त्यांचा नातू मले येऊन विचारे "दादा झालं का". मग मी ऑफिसमधल्या स्विचकडे पाहिलं तर सगळ्या पोर्टचे दिवे एकसाथ, एकाच तालात लुकलुकून राहिले, असं मी कधीच पाहिलं नव्हतं. एकेक वायर काढत गेलो, सातवी काढली आणि दिवे शांत झाले. झाडणाऱ्या बाईनं लोंबणारं वायरचं टोक पाहून बिचारीनं चांगल्या मनानं समोरच्या रिकाम्या भोकात खुपसून दिलं होतं, त्या वायरचं दुसरं टोक त्याच स्विचमधे होतं. साधा स्विच, त्यात लूप तोडणारं स्पॅनिंग ट्री नाहीच. लूप हा शब्द मी सीसीएनएत शंभर वेळा वाचला होता, पण तिथं पाऊण तास मले तो आठवलाच नाही. नंतर मालकांना सांगून दोन मॅनेज्ड (सेटिंग करता येणारे) स्विच लावले आणि बीपीडीयू गार्ड, असा लूप दिसला की पोर्ट बंद करणारं, चालू केलं, ते मी स्वतः केलं.

दुसरा एका सेतू केंद्रातला. नेट चालू, व्हॉट्सअ‍ॅप चालू, पण काही सरकारी साइट अर्ध्यावर अडकायच्या. मालकांनी राउटरवर काहीतरी केलं आणि चालू झालं. विचारलं तर म्हणाले एमएसएस कमी केला. मले ते आजही पूर्ण कळलं नाही.

जुना_राउटर
पहिला जो लिहिलास ना, तो इंटरव्ह्यूत असाच सांग. आजोबा, नातू, दोनदा बदललेला ओएनटी, सगळं. चुकलास कुठं आणि सापडलं कसं हे दोन्ही त्यात आहे. अशी गोष्ट सांगणारा पोरगा मी सोडत नाही.

दुसऱ्याचं कारण सोपं आहे. इथरनेटवर पॅकेट जास्तीत जास्त १५०० बाइटचं जातं (हाच एमटीयू), पीपीपीओई त्यात स्वतःचे ८ बाइट घालतो, म्हणून आत उरतात १४९२. समोरच्या सर्व्हरला हे माहीत नसतं, तो १५०० चंच मोठं पॅकेट पाठवतो आणि "तुकडे करू नको" असं त्यावर लिहून पाठवतो. मधला राउटर त्याला निरोप देतो की मोठं आहे, कमी कर. तो निरोप कोणत्यातरी फायरवॉलनं अडवला तर सर्व्हरला कळतच नाही, इकडं पान अर्धं. लहान निरोप जातात म्हणून व्हॉट्सअ‍ॅप चालतं. तुझ्या मालकांनी टीसीपीला (डेटा पोचवणारा प्रोटोकॉल) सुरुवातीलाच सांगून टाकलं की एका पॅकेटात १४५२ च्या वर डेटा घालूच नको, हाच एमएसएस, १४९२ मधून ४० बाइटचे हेडर वजा. झालं काम.

वऱ्हाडी_मास्तर
मी पॉलिटेक्निकले शिकवतो. पोट्ट्यांनो एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून टाकतो.

सगळे पुणे बंगलोर म्हणून राहिले, पण गावाकडं पण राउटरचं काम येऊन राहिलं. भारतनेट आठवते? २०११ मधे एनओएफएन नावानं मंजूर झालं, मग २०१५ मधे नाव बदललं, ग्रामपंचायतीपर्यंत फायबर. बऱ्याच ठिकाणी तो फायबर एका रेषेत गेला, रस्त्याच्या कामावर जेसीबीनं एका जागी तोडला की पुढची सारी गावं आंधळी. ऑगस्ट २०२३ मधे केंद्रानं सुधारित भारतनेट मंजूर केलं, १ लाख ३९ हजार कोटींचं, त्यात रिंग करायची ठरली आणि तालुका ते ग्रामपंचायत आयपी एमपीएलएसचे (ठरवलेल्या रस्त्यानं पॅकेट नेणारे) राउटर. रिंग म्हणजे एकीकडून तुटलं तर दुसरीकडून वळते. आता हे वळणं म्हणजेच तुमचं राउटिंग. खांबावर चढून स्प्लाइसही मारता येते आणि राउटरवर नेबर का पडला हेही पाहता येते असा माणूस तालुक्यात किती आहेत सांगा बरं. पांदणरस्ता त्यातला होऊ शकते. मले असा पोट्टा माह्या तालुक्यात पाहिजे आहे, म्हणून लिहिलं.

नाईटशिफ्ट
मास्तर बरोबर बोलले. आणि संत्रा_बाग, तुमचंही पटलं मला, मी लागले तेव्हा माझी मैत्रीण आत होती, तिनं रेझ्युमे पुढे दिला, ते मी लिहायला पाहिजे होतं. सगळ्यांना अशी मैत्रीण नसते. पांदणरस्ता, तुझा रेझ्युमे तयार झाला की मला मेसेज कर, मी पुढे देईन, लागेल याची खात्री देत नाही पण उघडला जाईल एवढं नक्की. त्यात "फायबर टेक्निशियन" एवढंच लिहू नको, किती घरांची जोडणी सांभाळतोस, रोज किती तक्रारी सोडवतोस, जिनिंगमधे मॅनेज्ड स्विच तू लावलेस, हे सगळं लिही. जे नाही केलं ते मात्र एक अक्षर लिहू नको.

पांदणरस्ता
ताई, सर, मास्तर, सगळ्यांना, दहा दिवसांनी लिहून राहिलो, मधात हरभऱ्याचं ओलित होतं, लाईट रात्रीची, म्हणून वावरातच होतो.

बाबांशी बोललो. त्यांना सांगितलं की आत्ता पैसे नाही लागत, पुढच्या वर्षी एकच पेपर, तोही लॅब झाल्यावर. ते काही बोलले नाही, थोड्या वेळानं म्हणाले "मंग कापूस ठेवतो फेब्रुवारीपर्यंत." आईनं त्या दिवशी रोडगे केले.

मालकांना रीड ओन्ली मागितलं. पहिल्यांदा कशाले पाहिजे म्हणाले, मग त्याच संध्याकाळी स्वतः बसून करून दिलं आणि क्यू, म्हणजे कोणाले किती स्पीड, कशा लावल्या ते अर्धा तास दाखवलं. आठ महिन्यांत त्यांनी इतकं कधी बोललं नव्हतं, मीच कधी विचारलं नव्हतं.

फुकटवाली मॉडेलिंग लॅब चालू केली, वही पण आणली. आता अडलो आहे. तीन राउटर, ओएसपीएफ एरिया शून्य. आर१ आणि आर२ फुल झाले, म्हणजे पूर्ण जुळले. आर२ आणि आर३ मधे नेबर दिसते पण एक्सस्टार्टवर (जुळायच्या मधल्या पायरीवर) अडकते, थोड्या वेळानं पडते, परत एक्सस्टार्ट. पिंग जाते. एरिया सारखा, हॅलो डेड सारखे, सबनेट सारखा, राउटर आयडी वेगवेगळे. दोन रात्री झाल्या. उत्तर नका सांगू, फक्त कुठं पाहू ते सांगा.

तुरीचं_रान
अरे हाच तो कागद, दोन राउटर मधात स्विच! ओळीनं जा. नेबर दिसते म्हणजे हॅलो पोचले, म्हणजे एरिया टायमर ऑथेंटिकेशन तिथवर ठीक. एक्सस्टार्टच्या पुढं काय देवाणघेवाण होते आणि त्या पॅकेटमधे कोणकोणते रकाने असतात ते वाच.

जुना_राउटर
आणि सेतू केंद्र आठव. दोन्ही बाजूला "शो आयपी इंटरफेस" मारून पहा. "एमटीयू इग्नोर" नावाची एक कमांड गूगलवर लगेच सापडेल, ती लावू नको, खरं कारण शोध.

पांदणरस्ता
सापडलं!! रात्रीचे पावणेबारा झाले तरी लिहून राहिलो.

आर३ वर मागच्या आठवड्यात जीआरई टनेल शिकताना मीच आयपी एमटीयू १४०० करून ठेवला होता आणि विसरलो. डेटाबेस डिस्क्रिप्शनच्या पॅकेटमधे एमटीयूचा रकाना असते, आर२ म्हणते १५००, आर३ कडे १४००, म्हणून आर३ ते पॅकेट घेतच नाही आणि दोघं तिथंच अडून बसतात. हॅलो लहान, त्यात हा रकानाच नाही, म्हणून नेबर दिसत होता. डिबग (आत काय चालू आहे ते दाखवणारी कमांड) लावलं तर आर३ नं सरळ लिहून दाखवलं की समोरच्याचा एमटीयू मोठा आहे, दोन रात्री मी डिबग लावलंच नव्हतं. एमटीयू परत १५०० केला, प्रोसेस क्लिअर केली आणि एक्सचेंज, लोडिंग, फुल, डोळ्यांसमोर सरकत गेलं. मी एकटाच उठून अंगणात गेलो, बाबा जागेच होते, विचारलं काय झालं, म्हटलं जुळलं. ते म्हणाले "जुळलं ना, मंग झोप."

वहीत पहिलं पान लिहिलं. ताई, उद्या रेझ्युमे पाठवतो. संत्रा_बाग दादा, तुमच्या वहीतला एखादा बिघाड फोटो काढून टाकाल का, उत्तराचं अर्धं पान झाकून?

संत्रा_बाग
टाकतो सकाळी. पान क्रमांक ३१ घे, स्पॅनिंग ट्रीचं आहे, जुना स्विच लावला आणि तोच रूट (सगळ्यांचा मुख्य स्विच) झाला. आत्ता झोप.